आधी एक तास घ्या

आमच्या शाळेत एक गणिताचे सर होते. ते प्रत्येक विद्यार्थ्याला 'गुरुजी' म्हणायचे. "ओ गुरुजी, खिडकीबाहेर काय चाललंय?" "गुरुजी, तुमचं उत्तर बरोबर आहे, रीत चोरीची आहे." सातवीतल्या पोरांना सुरुवातीला हसू यायचं. दिवाळीपर्यंत सवय व्हायची आणि मग दुसऱ्या कुणी 'ए' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. त्याचा त्रास आम्हा बाकीच्या शिक्षकांना.

सर सोलापूरच्या नव्या पेठेतल्या कापडवाल्या घरातले. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. तिघा भावांतले दोघं दुकानात बसले, हे शाळेत आले. त्यांच्या वडिलांना, अप्पांना, ते कधीच पटलं नाही. सर पन्नाशीला आले तरी अप्पा गिऱ्हाइकाला त्यांची ओळख करून द्यायचे, "हा आमचा धाकटा. अजून शाळेतच हाय." गिऱ्हाईक हसायचं, सरही हसायचे. मी एकदा साडी घ्यायला गेले असताना हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. सरांच्या शर्टावर कायम खडूची पूड असायची, म्हणून थोरला भाऊ त्यांना काळ्या कापडाच्या गठ्ठ्यांजवळ फिरकू देत नसे. "तिकडंच उभा राहा मास्तर, तिकडं पांढरा माल हाय."

दुकानातल्या डागी सोलापुरी चादरी कापून सरांनी डस्टर शिवून घेतले होते. दुसऱ्याच्या वर्गातला फळा अर्धवट पुसलेला दिसला की आत शिरून पुसायचे, तास चालू असला तरी. मी कविता शिकवत असताना दोनदा शिरले. मी दुसऱ्यांदा सांगितलं, "सर, पुन्हा आलात तर उरलेली कविता तुम्ही शिकवा." तिसऱ्यांदा आले नाहीत.

त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. सरकारनं सगळं मोबाइलवर आणलं तरी यांनी घेतला नाही. त्यामुळे त्यांचे फोन माझ्या मोबाइलवर येत. ते स्पीकर लावून, हातभर लांब धरून, ओरडून बोलत. आमच्या शिक्षकखोलीत त्यांचं काहीही खासगी नव्हतं.

सोमवारी सर रविवारच्या पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती मोठ्यानं वाचत. "ऐका. वर नोकरदार हवा, शिक्षक क्षमस्व." मग पान उलटून, "आणि ही ऐका. वधू शिक्षिका असल्यास प्राधान्य." मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत. "म्हणजे बाई, तुम्ही चालता, मी क्षमस्व."

ते खोटं नव्हतं. माझ्या आईनं मला बी.एड.ला घातलं ते याच हिशोबानं. मुलीच्या जातीला शिक्षिकेची नोकरी बरी, दुपारी घरी, मे महिना मोकळा. मला शिकवायची फार हौस होती असं कुणी समजू नये. नोकरी लागली, जमली, आवडायलाही लागली. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

पण सर हौसेनं मास्तर झाले होते, आणि त्यामुळेच त्यांनी पालकांसाठी एक पद्धत सुरू केली.

दहावी-बारावीच्या सुमाराला पालक येत. कुणी म्हणे, "सर, पोराचं कुठंच जमत नाही, मास्तर तरी करून टाकावं म्हणतो." कुणी उलट, "सर, आमचा एवढा हुशार मुलगा मास्तर व्हायचं म्हणतोय, जरा समजावा त्याला." सर दोघांनाही खुर्ची देत नसत. "पालकांचा निकाल आधी लागतो आणि पेपर नंतर," असं म्हणून ते उभ्या पालकाला सरळ सातवी ब मध्ये घेऊन जात. हातात खडू देत. "आधी एक तास घ्या. तुम्हाला येतं ते काहीही शिकवा. मग बोलू." आणि स्वतः शेवटच्या बाकावर पोरांत जाऊन बसत.

मुख्याध्यापक वैतागत. "अहो, तपासणीला कुणी आलं तर काय सांगू?"

"पालकांचा सहभाग म्हणून सांगा," सर म्हणत.

एक ठेकेदार आले होते, 'मास्तर तरी' म्हणणारे. चांगला धिप्पाड माणूस, साइटवर पन्नास माणसं हाकणारा. भिंत कशी बांधतात ते सांगतो म्हणाले. पाच-सात मिनिटं बरी गेली. मग एका पोरीनं विचारलं, "काका, विटा भिजवून का घेतात?" ठेकेदार म्हणाले, "घ्यायच्या असतात." "पण का?" "घ्यायच्या असतात म्हणून सांगतोय न्हवं!" मग मागच्या बाकावर कुणीतरी कोंबड्यासारखं ओरडलं. ठेकेदारांचा आवाज शेजारच्या माझ्या वर्गात यायला लागला. बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"सर, ही पोरं हायत का काय हायत?"

"हीच आहेत. रोज. आता सांगा, मास्तर 'तरी' करायचं का?"

त्यांचा मुलगा पॉलिटेक्निकला गेला.

काही पालकांना तास जमायचाही. एक साडीच्या दुकानवाल्या वहिनी इतक्या रमल्या की घंटा झाली तरी बाहेर येईनात. पण एकूण, पालक वर्गातून बाहेर आले की थोडे नरमलेले असत, आणि नरमलेल्या माणसाशी सरांना बोलता येत असे. कुणी टोमणा मारे, "सर, तुमचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे म्हणे?" सर म्हणत, "मी त्याला विचारलं, तो नाही म्हणाला. तुम्ही तुमच्याला विचारलं का?"

या सगळ्यात नाटक बरंच होतं, असं माझं मत होतं आणि मी ते सरांना सांगितलंही होतं. शिकवणं अवघड असतं हे पालकाला कळलं, तर शिकवण्याला मान मिळेल, आणि मान मिळाला की पोरं या पेशात येतील, असा सरांचा सरळ हिशोब. अनेक वर्षं तो बरोबरही येत गेला. त्यांच्या सांगण्यावरून डी.एड., बी.एड.ला गेलेली पोरं बरीच होती.

मग प्रज्ञाचे वडील आले.

प्रज्ञा आमच्याच कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला होती. गाव मंद्रूपच्या पुढं, इथं मावशीकडे राहायची. मोकळ्या तासाला खालच्या वर्गातली पोरं गोळा करून त्यांना गणितं समजावायची. सरांनी ते पाहिलं आणि तिला म्हणाले, "तुम्हाला हातोटी आहे गुरुजी. डी.एड. करा." ती म्हणाली, "करायचंच आहे सर. पप्पा नाही म्हणतात." सर म्हणाले, "पप्पांना पाठवून द्या."

एप्रिल होता. बारावीची परीक्षा संपली होती, खालच्या वर्गांची सकाळची शाळा चालू होती. आठ वाजता एक बारीक अंगाचे गृहस्थ हेल्मेट काखेत घेऊन शिक्षकखोलीच्या दारात उभे राहिले. प्रज्ञाचे वडील म्हणून ओळख सांगितली. बाकी काही सांगितलं नाही.

"रजा काढून आलात?" सरांनी विचारलं.

"व्हय. बिनपगारीच की," ते म्हणाले आणि एकटेच हसले.

सरांनी नेहमीप्रमाणे त्यांना सातवी ब मध्ये नेलं, खडू दिला, वाक्य म्हटलं. त्या गृहस्थांनी खडूकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "घ्यायलाच पायजे का?"

"घ्यायलाच पाहिजे."

माझा तास मोकळा होता. आणखी एक घामेजलेला पालक बघायला मिळेल म्हणून मी दारात थांबले.

त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. फळ्याच्या मधोमध एक चौकोन काढला. "ही तुमची शाळा. आता तुझं घर सांग, कुटं हाय?" पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं.

"पाण्याच्या टाकीजवळ."

त्यांनी टाकी काढली. "टाकीच्या कुटं?"

"पुढं."

"सर, खोटं बोलतोय!" मागून एक पोरगी उठली. "त्याचं घर टाकीच्या मागं आहे. पुढं आमचं आहे."

"पुढं माझंच आहे!"

"थांबा, थांबा. भांडू नका. टाकीला तोंड कुटं असतंय?"

वर्ग हसला. मग हसू थांबलं. पोरं विचारात पडलेली दिसायला लागली. टाकी गोल. तिला तोंड नाही, पाठ नाही. दोघं टाकीच्या दोन बाजूंना राहतात आणि दोघं 'पुढं'च राहतात. प्रज्ञाचे वडील काहीच बोलले नाहीत. हात बांधून उभे राहिले. असं गप्प उभं राहणं मला वीस वर्षांत जमलेलं नाही. आपण घाईनं उत्तर सांगून मोकळे होतो. शेवटी खिडकीजवळचा एक मुलगा, जो वर्षभरात माझ्या तासाला एकदाही बोलला नव्हता, म्हणाला, "सर, सूर्याकडून सांगायला पाहिजे. सूर्य सगळ्यांना एकाच बाजूला उगवतो."

"ये हिकडं. काढ सूर्य."

पुढची पंचवीस मिनिटं त्या फळ्यावर पोरांनी आपलं सोलापूर काढलं. काय काढायचं यावरून भांडले आणि काय वगळायचं यावरून जास्त भांडले. घंटा झाली तेव्हा कुणी उठलं नाही. एकानं विचारलं, "सर, तुम्ही उद्या येणार?"

"न्हाय बाळा. उद्या मला माझी शाळा हाय."

शेवटच्या बाकावरून सर उठले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "तुम्ही भूगोलाचे आहात!"

"पंधरा वर्सं."

शिक्षकखोलीत आल्यावर सरांनी त्यांना खुर्ची दिली. मी चहा मागवला. शाळेचं नाव विचारलं. ते म्हणाले, "विनाअनुदानित." आम्हाला पुढचं सांगायची गरज नव्हती. म्हणजे शाळेला मान्यता आहे, पोरं आहेत, परीक्षा आहेत. फक्त सरकारचं अनुदान आलेलं नाही, म्हणून पगार नाही. आज येईल, उद्या येईल यावर पंधरा वर्षं. मघाच्या बिनपगारी रजेचा अर्थ मला तेव्हा लागला.

"मग घर कशावर चालतं?" मी विचारलं.

"लग्नसराईत मंडपवाल्याकडं जातो. एरवी थोडी शेती. लग्नाच्या कार्यालयात आमचीच पोरं जेवायला आलेली असत्यात. नमस्कार करत्यात. माझ्या हातात मंडपाचा पाइप असतो, मग मी नुसती मान हलवतो." चहाचा कप खाली ठेवून ते सरांकडे वळले. "सर, माझ्या लेकीला तुमी म्हणालात, हातोटी हाय. हायच. मला बी हाय. आत्ता बघितली न्हवं तुमी?"

"बघितली."

"मग? हातोटीनं काय झालं?"

सरांनी शर्टावरची खडूची पूड झटकली.

"तुमी सांगितलं तसं शिकवून झालं. आता माझं ऐका. नाही म्हंजी नाही." त्यांनी हेल्मेट उचललं, दोघांना नमस्कार केला आणि गेले.

सरांनी चहाचे कप गोळा केले. मग स्वतःशीच कानडीत म्हणाले, "साकु." पुरे. त्यानंतर त्यांनी एकाही पालकाला सातवी ब मध्ये नेलं नाही.

दोन दिवसांनी प्रज्ञा आली. सरांनी तिला समोर बसवलं. "तुमच्या वडिलांचं बरोबर आहे, गुरुजी. त्यांच्याइतकं चांगलं मला शिकवता येत नाही. त्यांचं ऐका."

पोरगी भडकली. "तुमच्यामुळं नाही सर मला शिक्षिका व्हायचं! तुम्ही मला दोन वर्षं बघताय. मी चौथीत असल्यापासून पप्पांच्या वर्गाच्या खिडकीत उभी राहून त्यांचे तास ऐकलेत. त्यांना सांगा ना हे. मला त्यांच्यासमोर बोलता येत नाही."

सरांना असं काही ऐकलं की बसवत नसे. रविवारी सकाळी त्यांना माझ्या स्कूटरवर मागं बसवून मी विजापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात गेले. प्रज्ञाचे वडील शिडीवर होते, कापडाची झालर बांधत. आम्हाला पाहून खाली उतरले नाहीत. "सर, तेवढी दोरी धरा. सोडू नका, सगळं खाली येईल."

सरांनी दोन्ही हातांनी दोरी धरली आणि मान वर करून, प्रज्ञा जे बोलली ते सगळं ओरडून सांगितलं. खिडकी, चौथी, सगळं. स्वयंपाकघरातल्या बायका बघायला लागल्या.

वरचा माणूस गाठ मारत होता. गाठ मारून झाली तरी हात तिथंच राहिला.

"माझ्यामुळं?" ते म्हणाले. "मग तर नकोच."

"अहो, पण मुलीचं मन—"

"मन हाय म्हणून तर." ते खाली आले, सरांच्या हातातून दोरी घेतली आणि खांबाला बांधली. "सर, तुमी आई-बापाला वर्गात उभं करता. चांगलं करता. पण पोरगीनं माझा वर्गच बघितलाय. खिडकीतनं वर्गच दिसतो. मी तिला जूनमध्ये आमच्या शिक्षकखोलीत बसवतो. महिनाभर. वर्गात पाऊल टाकायचं न्हाय. मग तिनं सांगावं. हो म्हणाली तर मी आडवा येणार न्हाय. शब्द."

"तुम्ही माझ्यापेक्षा कडक आहात," सर म्हणाले.

"मला परवडत न्हाय सर, मऊ राहायला."

  दुसऱ्या दिवशी सर आल्या-आल्या म्हणाले, "हो म्हणेल ती. पक्की आहे."

"हो म्हणावं असं तुम्हाला वाटतं का?" मी विचारलं.

त्यांनी डस्टर उचलला. फळा पुसायला गेले. फळा स्वच्छ होता.

जून उजाडला. शाळा सुरू झाली, पुस्तकं वाटून झाली. जुलैअखेर एका दुपारी प्रज्ञा आली. उन्हानं रापली होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

"सर, मी नर्सिंगला जाते."

सर म्हणाले, "का ते सांग." गुरुजी म्हणाले नाहीत.

ती सांगायला लागली. वडील धरून सात शिक्षक. एकजण शाळा सुटली की झेरॉक्सच्या दुकानात बसतो. एकांना निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, अजून पहिला पगार व्हायचाय. पण कुणी रडत नाही, उलट चेष्टा-मस्करी चालते, एकमेकांच्या डब्यातलं खातात. तिला तिथं करमतही होतं. "पण सर, दर चार-आठ दिवसांनी कुणीतरी येऊन म्हणतं, फाईल हलली. मुंबईला अनुदानाची फाईल हलली. की सगळ्यांचे हात थांबतात. घास हातात तसाच. पप्पांचा पण. मग कुणीतरी फोन लावतं. मग कळतं, तसं काही नाही. मग सगळे परत जेवायला लागतात. कुणी काही बोलत नाही. महिन्याभरात चारदा झालं." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "शिकवायला मला जमेल सर. चांगलं जमेल. पण तसा घास थांबवायला जमणार नाही."

सर उठून उभे राहिले. ती पाया पडायला वाकली, तर मागं सरकले. "माझ्या नको," म्हणाले.

ती गेली आणि पंधरा-वीस मिनिटांत माझा मोबाइल वाजला. तिचे वडील. "मॅडम, सर हायत का जवळ?" मी स्पीकर लावून फोन सरांच्या हातात दिला. त्यांनी तो नेहमीसारखा हातभर लांब धरला.

"सर, पोरगी आली हुती?"

"आली होती."

"न्हाय म्हणाली."

"सांगितलं तिनं."

पलीकडून शाळेचा गलका ऐकू येत होता, मधल्या सुट्टीचा. मीच बोलले. "तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"व्हय मॅडम. हेच पायजे हुतं."

पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि सरांनीही ठेवला नाही.  मी समोर बसून वह्या तपासायचा प्रयत्न केला. अखेर सरांनी घसा साफ केला.

"उद्या काय घेताय?"

"उद्या? सातवीला वारे हायत."

"कसं सुरू करणार?"

"पोरास्नी मैदानात नेतो. मूठभर माती घ्यायची आणि वरनं सोडायची. कुणीकडं जाती बघायचं."

"आणि वारा पडलेला असला तर?"

 पलीकडचा आवाज बदलला, जरा वर चढला. "मग तर लई बेस झालं सर. मग का पडला, हेच इचारतो की. कालपर्यंत होता, आज कुटं गेला? त्यावर अर्धा तास जातो बघा..."

सर खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच माझा मोबाइल कानाला लावला. घंटा झाली. माझा आठवीवर तास होता. फोन त्यांच्याकडेच ठेवून मी वर्गावर गेले.